परदेशी नोकरीला निघण्यापूर्वी: विदर्भातील शेतकरी कुटुंबांसाठी

यवतमाळ किंवा बुलडाण्याच्या खेड्यातील आयटीआय झालेला मुलगा दुबईला इलेक्ट्रिशियन म्हणून जायचे म्हणतो, तेव्हा घरात पहिला विषय निघतो तो एजंटाच्या पैशांचा, आणि लगेच सगळ्यांची नजर वडिलांच्या सातबाऱ्याकडे वळते. या नोकरीसाठी वावर गहाण टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये सेवाशुल्क आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. याउलट कोणी दीड लाख मागितले आणि ते सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने उचलले, तर दरमहा 4,500 रुपये नुसत्या व्याजाला जातात. दोन वर्षांच्या करारात ही रक्कम 1,08,000 होते आणि मुद्दल तसेच राहते.

म्हणून पैसे देण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाचा नोंदणी क्रमांक तपासावा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. तालुक्याच्या बसस्थानकाजवळ बसून ‘मुंबईच्या साहेबांची’ ओळख सांगणाऱ्या मध्यस्थाच्या हाती रोख रक्कम देऊ नये. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच बोलणे थांबवावे, कारण पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला कामगाराचे संरक्षण मिळत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) दर्जा असतो. अशांना आखाती देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी आणि प्रवासी भारतीय विमा योजना दोन्ही आवश्यक असतात. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास या विम्यातून 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

करारपत्र सावकाश वाचावे, इंग्रजी अडत असेल तर गावातील शिक्षकांना जवळ बसवून वाचावे. त्यात मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि हा फरक महत्त्वाचा आहे: संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथे, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा पगार या हिशेबाने. समजा एकूण पगार 1,500 दिरहॅम (तिथले चलन) आहे. जेवण कंपनीचे नसेल आणि त्यावर 400, मोबाइल व किरकोळ गरजांवर 150 गेले, तर घरी पाठवायला 950 उरतात. पगारावर तिथे प्राप्तिकर नाही, हा खरा लाभ आहे. त्याहून मोठा लाभ कसबाचा: मोठ्या प्रकल्पावर सुरक्षिततेचे नियम पाळून केलेले काम पुढच्या प्रत्येक नोकरीत उपयोगी पडते.

विदर्भाच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला उन्हाची भीती वाटत नाही, आणि धोका नेमका तिथेच असतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. ही विश्रांती कामगाराचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. तेथे मालकाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणेही बेकायदा आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या छायाप्रती घरी ठेवाव्यात. अडचण आल्यास घरच्यांना त्या आधारे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

मागे राहिलेल्या शेतीची व्यवस्था जाण्यापूर्वीच लावावी. शेत मक्त्याने द्यायचे की बटईने, ई-पीक पाहणी आणि पीकविमा कोण करील, हे ठरवून घ्यावे, आणि गरज असल्यास विश्वासू नातेवाइकाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करावे. पैसे पत्नीच्या किंवा आईच्या स्वतंत्र खात्यात थेट जावेत. अनेकांच्या मनात परत येताना दोन एकर घेण्याचे स्वप्न असते. मात्र नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्या अनिवासी भारतीयाला फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यानुसार शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन त्याच्याकडेच राहते आणि वारसानेही मिळू शकते, परंतु नव्या खरेदीचा इसार देण्याआधी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.