या चुका टाळा : जोडीदार आणि ओळखीतून एचआयव्ही तपासणी

एचआयव्ही पॉझिटिव्ह रुग्णाकडून जोडीदारांची, ओळखीच्यांची नावं घेऊन त्यांची तपासणी करायची असते. यादीत नाव आलं की काम झालं, असं समजू नका. माणसं गळतात ती नाव आणि तपासणीच्या मधल्या टप्प्यावर.

रिपोर्टच्या दिवशीच सगळी नावं मागणं. त्या दिवशी रुग्णाच्या कानात काही शिरत नाही. विषय दोन वाक्यांत काढा आणि नावं एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) पुढच्या भेटीत घ्या. नवा जोडीदार आला किंवा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) हजाराच्या वर गेला, की पुन्हा विचारा.

“जोडीदार कोण?” एवढंच विचारणं. उत्तर येतं, “बायको.” संपलं! त्यापेक्षा गेलं वर्ष उलटं चालत या : दिवाळीत कुठे होतात, रूमवर कोण असतं, गावी कोण, ॲपवर कोण भेटलं. पुरुषांशी संबंध आणि सुई वाटून घेणं याबद्दलही त्याच सुरात विचारा. इथे भुवई वर गेली की पुढची नावं मिळत नाहीत. बाई पॉझिटिव्ह असेल तर तिची मुलं हमखास विसरली जातात. स्टेटस माहीत नसलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी हवी.

“तुम्हीच सांगा” म्हणून सोडून देणं. तारीख ठरवा. दोन आठवड्यांत जोडीदार आला नाही, तर रुग्णाच्या संमतीने समुपदेशक फोन करेल, हे आधीच बोलून घ्या. फोनवर रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. मात्र ज्या बाईचा जोडीदार एकच आहे, तिला नाव न घेताही कळतंच. हे रुग्णाला संमती घेण्याआधीच सांगा. मारहाण, धमकी, जबरदस्ती याबद्दल एकांतात विचारल्याशिवाय कोणालाच निरोप धाडू नका. धोका दिसला तर त्या नावाचा निरोप थांबवा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातही, बाईला जोडीदाराकडून हिंसेची रास्त भीती असेल, तर तिने सांगितलंच पाहिजे असं बंधन नाही.

ऑफिसात रोज येणाऱ्यालाच कूपन (ओळखीच्यांना तपासणीला पाठवण्यासाठी वाटायची चिठ्ठी) देणं. त्याच्या ओळखीतले बहुधा आधीच तपासलेले असतात. तुर्भ्याचा ट्रकचालक, भिवंडीचा यंत्रमाग कामगार, फक्त ॲपवर भेटणारे असे वेगवेगळ्या वर्तुळांतले निवडा, आणि जोखमीतले निगेटिव्हही घ्या. प्रत्येकाला तीन ते पाच कूपन पुरेत. मोकळ्या हाताने वाटलीत आणि वर दर कूपनमागे पैसे ठेवलेत, तर जोखीम नसलेले शेजारीपाजारी रांगेत येतील. कूपनवर नंबर, पत्ता, वेळ. “एचआयव्ही” हा शब्द नको. दोन-तीन आठवड्यांत नवं कोणी आलं नाही, तर कूपन वाटणारा बदला. खूप जण येऊनही पॉझिटिव्ह मिळत नसतील, तर वर्तुळ चुकलंय. उलट, पॉझिटिव्ह पटापट वाढले तर आधी एआरटीवर असलेलेच पुन्हा मोजले जात नाहीत ना, ते तपासा.

आयसीटीसीच्या (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्राच्या) वेळेलाच बोलावणं. वाशीच्या भाजी बाजारातली माणसं रात्री-पहाटे राबतात, सकाळी झोपतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी तिथेच प्राथमिक चाचणी ठेवा. ती रिॲक्टिव्ह (एचआयव्हीची शक्यता दाखवणारी) आली म्हणजे निदान नव्हे. पक्कं निदान आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या किटवर होतं. चिठ्ठी देऊन पाठवू नका, दुसऱ्या दिवशी सोबत जा.

जोडीदार निगेटिव्ह निघाला तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तोवर कंडोम. जोडीदार उत्तर प्रदेशात किंवा मराठवाड्यात असेल, तर १०९७ वरून जवळचं आयसीटीसी शोधून द्या, आणि तिथे चाचणी झाल्याचं कळेपर्यंत लाइन लिस्टमधली (नावांच्या यादीतली) ती ओळ बंद करू नका.