आधी पट्टीवर नाव, मग फवारा: परफ्यूमची तुलना करायला बसण्याआधीची तयारी

एकाच कंपनीच्या महागड्या मालिकेतले पाच-सहा परफ्यूम घेऊन बसायचं, हुंगायचे, आणि त्यातला एक निवडायचा, एवढंच काम. कागदी पट्ट्या, नमुन्याच्या कुप्या, वही, घड्याळ हे सगळं कुणालाही सुचतं, त्यावर शाई घालवत नाही. हमखास राहते आणि अख्खी दुपार पाण्यात घालवते ती गोष्ट एकच: फवारा मारण्याआधी पट्टीवर नाव लिहा. मारल्यावर नाही, आधी. "लक्षात राहील की" म्हणून लोक तसेच फवारत सुटतात. तासाभराने समोर सहा कोऱ्या पट्ट्या पडलेल्या असतात, त्यातली एक फारच छान वाटते, आणि ती कशाची आहे ते कुणालाच सांगता येत नाही. पुन्हा फवारून शोधू म्हणाल, तर जो वास आवडला तो तासाभरानंतरचा होता. तो परत यायला पुन्हा तासभर बसावं लागणार, तेही दमलेल्या नाकाने.

मालिकेच्या बाबतीत हा घोटाळा जास्तच होतो, कारण एका कंपनीचे परफ्यूम तळाशी, म्हणजे वरचा हलका वास उडून गेल्यावर जे उरतं त्यात, बऱ्याचदा एकमेकांच्या जवळ येतात. सुरुवातीला एक लिंबूवर्गीय, एक गुलाबाचा, एक लाकडी असे स्पष्ट वेगळे. दोन तासांनी तिघांच्याही तळाला तोच मस्क (कस्तुरीसारखा वास), तोच अँब्रॉक्सन किंवा आयसो ई सुपर, ही परफ्यूममधली नेहमीची सुगंधी रसायनं. गेर्लँ या फ्रेंच कंपनीच्या परफ्यूममध्ये टोंका (एक सुगंधी बी), व्हॅनिला, आयरिस वगैरेंची जी ओळखीची जोडणी पुन्हा पुन्हा भेटते तिला तर 'गेर्लिनाद' असं नावच पडलं आहे. तेव्हा "वासावरून ओळखू" ही हुशारी इथे चालत नाही.

नाव लिहायचं म्हणजे काय लिहायचं, तेही नीट बघा. नुसतं 'नं. 5' लिहिलंत तर अर्धीच माहिती झाली. शानेलचा नं. 5 हा अर्नेस्ट बो यांनी 1921 मध्ये केला. आज मिळणारा त्याचा 'ओ द पर्फ्यूम' हा प्रकार जाक पोल्ज यांनी 1986 मध्ये बांधला, आणि 'नं. 5 लो' ऑलिव्हिए पोल्ज यांनी 2016 मध्ये. नाव एक, वास वेगवेगळे. दिऑरच्या 'सोवाज'चंही तसंच: 'ओ द टॉयलेट' हा प्रकार 2015 मध्ये आला, मग ओ द पर्फ्यूम, पर्फ्यूम आणि एलिक्सिर. हे एकाच द्रावणाचे कमी-जास्त दाट अवतार नव्हेत, प्रत्येकाचं सूत्र बदललेलं आहे. साधारणपणे ओ द टॉयलेटमध्ये सुगंधी अंश 5 ते 15 टक्के, ओ द पर्फ्यूममध्ये 15 ते 20 आणि एक्स्ट्रे या सर्वात दाट प्रकारात त्याहून जास्त असं धरतात, पण या आकड्यांना कायद्याचं बंधन नाही, कंपनी आपल्या मनाने लेबल लावते. म्हणून पट्टीवर तीन गोष्टी: पूर्ण नाव, प्रकार, आणि फवारल्याची वेळ. वेळ राहिली तर अर्ध्या तासाचा वास दोन तासांच्या वासाशी ताडून बघाल आणि दुसऱ्यावर विनाकारण फुली माराल.

लिहायचं पेन्सिलीने. ही सूचना किरकोळ वाटते, पण बॉलपेनची आणि जेलपेनची शाई अल्कोहोलने फुटते आणि मार्करला स्वतःचाच उग्र वास असतो. पट्टीचं एक टोक लिहायला, दुसरं फवारायला. फवारायचं टोक साधारण दोन सेंटिमीटरवर दुमडून ठेवलं की पट्टी टेबलावर ठेवली तरी ओलं टोक वर राहतं, टेबलाला वास लागत नाही आणि पॉलिशही जात नाही. पट्ट्या जाड, शोषणाऱ्या, बिनगुळगुळीत कागदाच्या हव्यात. चकचकीत कार्डावर थेंब वर वर पसरतो आणि अल्कोहोलचा भपकाच जास्त वेळ येत राहतो. पट्ट्या विकत न मिळाल्या तर जलरंगाचा जाड कागद 14-15 सेंटिमीटर लांब कापून घ्या. परफ्यूमपेक्षा दुपटीने पट्ट्या ठेवा, खराब होतातच.

आता नमुने. 2 मिलीची फवाऱ्याची कुपी असेल तर उत्तम. लहान फवाऱ्यातून एका दाबाला 0.05 ते 0.1 मिली निघतं, म्हणजे वीस ते चाळीस फवारे. एका परफ्यूमचा तीन-चार दिवस अंदाज घ्यायला पुरे. काडीने लावायच्या कुपीची आणि फवाऱ्याच्या कुपीची तुलना करू नका. काडीने थेंबभर लागतं, फवाऱ्याने बरंच जास्त आणि मोठ्या जागेवर, त्यामुळे फवाऱ्यातला परफ्यूम उगाच दमदार वाटतो. सगळे एका पद्धतीने लावा; जमत नसेल तर सगळे काडीनेच. तेलात केलेले परफ्यूम या रांगेत बसवूच नका, त्यांच्यात उडून जायला अल्कोहोल नसतं, ते अंगाला चिकटून राहतात आणि दूरवर दरवळत नाहीत. त्यांची तुलना त्यांच्यात.

मोठ्या बाटलीतून कुप्या भरणार असाल तर, हो, तेच: भरण्याआधी कुपीवर नाव. कागदी लेबल, पेन्सिल, वरून पारदर्शक चिकटपट्टी. फिकट पिवळं पाणी भरलेल्या कुप्या एकसारख्याच दिसतात. रंगावर विसंबू नका. व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं रसायन) असलेले परफ्यूम काळाबरोबर तपकिरी होत जातात, आज फिकट असलेला पुढे तसाच राहील असं नाही. एक ड्रॉपर दोन परफ्यूमना वापरायचा नाही. नुसता पाण्याने धुऊन तो वास जात नाही.

अंगाची तयारी सगळ्यांना माहीत असते आणि सगळे विसरतात: बिनवासाचा साबण, डिओडरंट नाही, केसांना वासाचं तेल नाही, हाताला क्रीम नाही. कपडे मात्र आठवणीने बघा. फॅब्रिक कंडिशनरमध्ये मस्क असतात आणि ते धुतल्यानंतरही कापडात राहावेत म्हणूनच घातलेले असतात. अशा बाहीजवळ मनगट नेऊन "तळ छान आहे" म्हणाल तर ते कौतुक कंडिशनरचं. सर्दी असेल तर दिवस पुढे ढकला. मोत्याचे दागिने आणि घड्याळाचा चामडी पट्टा काढून ठेवा, अल्कोहोलने दोन्ही खराब होतात.

खोलीत उदबत्ती नको, ताजा रंग नको, स्वयंपाकघर शेजारी नको. पेटती मेणबत्ती तर अजिबात नको, फवारा पेट घेतो. पंखा थेट पट्ट्यांवर नसावा, पण खिडकी उघडता यायला हवी. कॉफीच्या बियांची वाटी ठेवायची पद्धत आहे. ठेवली तर बिघडत नाही, उपयोगही नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात कॉफी, लिंबाच्या चकत्या आणि साधी हवा यांत काहीच फरक पडला नव्हता. नाक बधिर होतं ते त्याच त्या रेणूंना सरावून, आणि त्यावर उपाय वेळ. दहा मिनिटं बाहेर जाऊन या.

प्रत्यक्ष बसल्यावर एका बैठकीत पाच, फार तर सहा पट्ट्या. त्यापुढे नाक बोलतं पण खरं बोलत नाही. हलक्याकडून जडाकडे जा: लिंबूवर्गीय, मग फुलं, मग लाकडी, शेवटी ऊद (म्हणजे अगरूचं लाकूड), चामडं आणि गोडसर अंबर. ऊद आधी घेतलात तर नंतरचा नेरोली (संत्र्याच्या फुलांचा वास) पाण्यासारखा वाटेल. पट्टी उचला, नाव लिहिलंय का बघा, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून एकच फवारा, पट्टी खाली. नाव नसेल तर फवारू नका, थांबा. अल्कोहोल उडायला वीस-तीस सेकंद द्या. पट्टी नाकाला टेकवायची नाही. दोन-तीन सेंटिमीटर दूर धरून दोन-तीन छोटे श्वास. लांब श्वास ओढलात तर नाक लगेच सरावतं. नाकाच्या टोकाला परफ्यूम लागला तर पुढच्या सगळ्या पट्ट्यांना तोच वास येतो, आणि हे कळायलाही वेळ लागतो.

पट्ट्या एकमेकींना टेकू देऊ नका. हात चुकून ओला झाला तर दुसरी पट्टी उचलण्याआधी धुवा.

नोंद पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. पाच मिनिटांचं मत लिहा पण त्यावर निर्णय नको. लिमोनीनसारखे हलके रेणू, म्हणजे जवळजवळ सगळा संत्र्या-लिंबाचा झगमगाट, लवकर उडतात. मस्क, व्हॅनिलिन, पॅचुली पट्टीवर कित्येक दिवस टिकतात. दुकानात विकली जाते ती पहिली पंधरा मिनिटं, अंगावर राहतात ते पुढचे सहा तास. गुण द्यायच्या आधी शब्द लिहा: धुरकट, साबणासारखं, ओल्या मातीचं, पेन्सिल तासल्यासारखं, जे पहिलं सुचेल ते. नुसते आकडे लिहिले तर आठवड्याने 7 आणि 8 मधून काहीही उकलत नाही.

एखाद्या पट्टीला वासच नाही असं वाटलं तर तिच्यावर काट मारू नका. काही मोठे मस्क रेणू बऱ्याच लोकांच्या नाकाला कळतच नाहीत, आणि कोणता रेणू कुणाला कळत नाही हे माणसागणिक बदलतं. 2006 चा 'मॉलिक्यूल 01' हा परफ्यूम केवळ आयसो ई सुपरवर उभा आहे. तो हुंगताना कुणाला काहीच येत नाही, कुणाला येतो, जातो, परत येतो. अशी पट्टी दुसऱ्याच्या नाकाखाली धरा. नाव असलेलीच धराल, ही आशा.

महागडं नाव दिसलं की नाक आधीच होकार भरून बसतं, म्हणून झाकून तुलना करणं योग्य. पण झाकून म्हणजे बिननावाची नव्हे! पट्टीवर क्रमांक लिहा, क्रमांकाचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर, तेही फवारण्याआधी. सोबत कुणी असेल तर क्रमांक त्यांना लावू द्या. एकाच परफ्यूमच्या दोन प्रकारांत खरंच फरक कळतो का हे बघायचं असेल तर तीन पट्ट्या घ्या, दोन एकाच्या, एक दुसऱ्याची, आणि वेगळी शोधा. एकदा ओळखलं तर तो नशिबाचाही भाग असतो. पाचांत चारदा जमलं तर फरक कळतो असं धरा. न जमल्यास स्वस्त प्रकार घ्या.

मग त्वचा. पट्टीवरून दोनच निवडा, एका हाताला एक. चार लावायचेच असतील तर दोन मनगटं आणि दोन कोपरांच्या आतल्या घड्या, त्याहून जास्त नाही. कुठे काय लावलं ते लावण्याआधी वहीत: "डावं मनगट, अमुक, 10:40". मनगटावर कुणी नाव लिहीत नाही, त्यामुळे वही राहिली की इथेही तोच गोंधळ. मनगटं एकमेकांवर चोळू नका. त्याने रेणू फुटतात वगैरे म्हणतात त्यात तथ्य नाही, पण त्वचा तापते, वरचा हलका भाग घाईने उडतो आणि दोन हातांचे दोन परफ्यूम एकमेकांत मिसळतात. तेलकट त्वचेवर वास जास्त टिकतो, कोरडीवर कमी, तेव्हा दुसऱ्याच्या "आठ तास टिकतो"ला फारशी किंमत देऊ नका. खाज किंवा लाली आली की धुवा आणि तो परफ्यूम यादीतून काढा. अशी ॲलर्जी करू शकणाऱ्या घटकांची नावं युरोपात खोक्यावर छापावी लागतात. आधी 26 होते, 2023 च्या नियमाने ऐंशीच्या वर गेले. आधी कशाने त्रास झाला असेल तर खोकं वाचून मगच फवारा. भरपूर लिंबूवर्गीय तेल असलेला परफ्यूम लावून उन्हात बसू नका.

शेवटच्या दोघांना पूर्ण एकेक दिवस द्या, एक गरम दिवस आणि एक थंड मिळाला तर बरंच. त्या दिवशी दुसरं काही लावू नका. संध्याकाळी तुम्हाला वास येईनासा झाला म्हणजे तो गेला असं नाही, शेजारच्याला विचारा.

उरलेल्या कुप्या अंधारात, थंड जागी, उभ्या. न्हाणीघरात नाही. पट्ट्या ठेवायच्या असतील तर एकेक वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नाव.

घेताना खोक्यावरचा बॅच कोड, म्हणजे बाटली कोणत्या खेपेतली ते सांगणारा क्रमांक, टिपून घ्या. सूत्रं बदलतात, जुना नमुना आणि नवी बाटली यांचा वास वेगळा निघाला तर नाकाला दोष देऊ नका. आणि 100 मिलीवर झडप घालण्याआधी मालिकेत 10 किंवा 30 मिलीची बाटली आहे का विचारा, बऱ्याचदा असते आणि मागच्या फळीवर ठेवलेली असते.