घेवड्यावरचे बुरशीनाशक अजून लागू पडते का, हे ताडून पाहण्यासाठी

घेवड्यावर करपा दिसताच दरवेळी कार्बेन्डाझिम हे एकच बुरशीनाशक फवारले, तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते आणि फवारणीचा खर्च वाया जातो. फवारताना मधल्या 2 ओळी प्लास्टिकच्या कागदाने झाकाव्यात, टोकाला काठी रोवावी आणि 10 दिवसांनी झाकलेल्या आणि फवारलेल्या ओळींतली 20-20 नवी पाने उलटून, ज्यांच्या शिरा खालून विटकरी-काळ्या पडल्या आहेत ती मोजावीत. जुने डाग कोणत्याही औषधाने पुसले जात नाहीत, म्हणून ते हिशेबात धरू नयेत. पानांच्या खालपर्यंत फवारा नीट पोचूनही आकडे सारखेच आले, तर औषधाचा गट बदलावा, म्हणजे बुरशीवर वेगळ्या रीतीने काम करणारे औषध घ्यावे. येथे हमखास फसगत होते ती थायोफिनेट मिथाइलमुळे, कारण नाव वेगळे असले तरी झाडात त्याचे कार्बेन्डाझिमच होते. नव्या औषधाची घेवड्यासाठी शिफारस आहे का आणि फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचे, हे मात्र लेबलवर वाचूनच ते घ्यावे.