परड्यात मित्रकिडे टिकत नाहीत? या चुका टाळा

चवळीच्या शेंड्यावर काळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला की त्याच दिवशी पंप पाठीला लावायचा, ही बेळगाव-खानापूर भागातल्या परड्यांतली सगळ्यात महागडी घाई. मावा हे ढालकिड्याचं (लेडीबर्ड भुंगेऱ्याचं) जेवण. तेच संपलं तर तो राहील कशाला? चार-सहा शेंड्यांवरच मावा असेल तर आठवडाभर थांबा. मात्र मुंग्यांची ये-जा बघा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. मुंग्या फार झाल्या असतील तर तेवढे शेंडे खुडून टाका.

खरा घोळ ओळखण्यात होतो. ढालकिड्याची अळी करडी-काळी, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिल्लासारखी. किळस येऊन तीच चिरडली जाते. उलट वांग्याच्या पानावरचा 28 ठिपक्यांचा तांबूस भुंगेरा ढालकिड्याचा भाऊच वाटतो, पण त्याला चकाकी नसते, अंगावर बारीक लव असते आणि तो पान खातो. त्याची अळी पिवळी, अंगभर फाटे फुटलेले काटे. पान खरवडून नुसती जाळी ठेवते. अंडी मात्र दोघांचीही पिवळी, पानामागं उभी रचलेली! जवळ मावा असेल तर हात लावू नका. मावा नाही आणि पानांची जाळी झालीय, तर ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. केसासारख्या देठावर टांगलेलं एकेक अंडं क्रायसोपाचं, म्हणजे मावा खाणाऱ्या आणखी एका मित्रकिड्याचं. ते राहू द्या.

निंबोळी अर्क (1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी पावडर, रात्रभर भिजवून गाळलेला) निरुपद्रवी समजून सगळीकडं मारू नका. ढालकिड्याच्या अळ्यांनाही तो बाधतो. ‘संध्याकाळी फवारा’ हा सल्ला काकडी-कारल्याला ठीक, कारण त्यांची फुलं सकाळी उमलतात आणि मधमाश्या तेव्हाच येतात. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी फुलतात, त्यांच्याकडं रात्री पतंग येतात. तिथं फुलं चुकवून फक्त पानांच्या खालून मारा.

कोथिंबीर, मुळा, मोहरी सगळी उपटून वाफा मोकळा करण्याची सवयही नडते. अळ्यांमध्ये अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या या फुलांच्या मधावर जगतात. चार-पाच रोपं फुलू द्या.

बेडकासाठी कड फुटलेलं मडकं वाफ्याच्या सावलीला उपडं ठेवा. खानापूरकडं मृगानंतर पाणी तुंबतं, म्हणून ते बांधावर हवं. पाण्याची थाळी उथळ असू द्या, आत दगड ठेवा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला. नाहीतर डास वाढतील.

किडे टिपणाऱ्या कोतवाल पक्ष्यासाठी रोवलेली टी-आकाराची काठी पिकापेक्षा खाली गेली तर कोण बसणार? पीक वाढेल तशी ती फूटभर वर राहील असं बघा. उंदरांना विष घालू नका. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो. जमिनीवर सैल पडलेल्या नायलॉन जाळीत धामण अडकून मरते, म्हणून जाळीची खालची कड ताणून खुंट्यांना बांधा.