रात्री दोनचे निर्णय दुपारी दोनला

तीन वर्षं मी होस्टेलच्या तिसऱ्या मजल्याची प्रतिनिधी होते. काम काय, तर बंद पडलेले दिवे लिहून द्यायचे, बाथरूमवरून होणारी भांडणं मिटवायची आणि रात्री-अपरात्री कुणी दार वाजवलं की उठायचं. हे शेवटचं काम कागदावर कुठेच नव्हतं, पण सगळ्यात जास्त तेच करावं लागलं. दिवसा चार जणींना शहाणपण शिकवणारी मुलगी रात्री दारात उभी राहून एवढंच विचारायची, ‘ताई, आता काय करू?’ खरं सांगायचं तर झोपेतून उठल्यावर मलाही काही सुचायचं नाही. म्हणून मी एक सवय लावून घेतली. रात्री दोनला जे ठरवावं लागू शकतं, ते आदल्या दुपारीच, डोकं ठिकाणावर असताना ठरवून ठेवायचं.

सुरुवात पहिल्या दिवसापासून. सामान खोलीत टाकलंत की अंथरूण घालायच्या आधी बाहेर या आणि जिन्यापर्यंतची दारं मोजा. डोळ्यांनी नाही, हात भिंतीला लावून. माझ्या खोलीपासून डाव्या हाताला सात दारं, मग नोटीस बोर्ड, मग जिना. आग लागली तर धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो, हातालाच आठवावं लागतं. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी. रांगत जायचं, लिफ्टकडे बघायचंही नाही, आणि खोलीतून निघताना दार ओढून घ्यायचं, कारण बंद दार धूर आणि आग बराच वेळ अडवून धरतं. दुसरा जिना कुठे आहे ते शोधा आणि त्याचं दार खरंच उघडतं का हे ढकलून बघा. आमच्याकडे त्या दाराला जुन्या गाद्या टेकवून ठेवल्या होत्या. त्या हलवायला मला तीन अर्ज आणि एक कडाक्याचं भांडण लागलं.

फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका. बॅटरीची उष्णता बाहेर पडायला जागा लागते. आणि बाहेर खोली भाड्याने घेतली असेल तर गॅसवर चालणारा गीझर किंवा हीटर कुठे बसवलाय आणि तिथे हवा खेळते का, हे आधी बघा. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, असं असेल तर ‘व्हायरल असेल’ म्हणत बसू नका. बाहेर पडा, बाहेरूनच मदतीला फोन करा आणि दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र बंद.

मग एक कागद घ्या. हो, कागदच. फोन नेमका गरजेच्या वेळीच एक टक्क्यावर असतो. त्यावर पाच क्रमांक लिहायचे: आपत्कालीन सेवा, कॅम्पसची सुरक्षा, रेक्टर, रात्रभर उघडं असणारं सर्वांत जवळचं हॉस्पिटल आणि एक माणूस. हा ‘एक माणूस’ म्हणजे रात्री तीनला फोन केला तर आधी ‘कुठे आहेस?’ विचारेल आणि ‘का?’ नंतर विचारेल असा. परदेशात शिकायला गेला असाल तर तिथला आपत्कालीन क्रमांक पाठ करा. भारतात आणि युरोपीय संघात ११२ चालतो, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रूममेटलाही दाखवा, कारण तो वापरायची वेळ येईल तेव्हा कदाचित तुम्ही आडवे असाल आणि ती उभी असेल.

आता दारूबद्दल. पिऊ नका असं मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं कुणी किती ऐकतं तेही मी पाहिलंय. मी दुसऱ्या वर्षापासून सत्राच्या पहिल्याच बैठकीत एक वाक्य बोलायचे: ‘कोण प्यायलं, किती प्यायलं हा प्रश्न सकाळचा. रात्रीचा प्रश्न एकच, श्वास नीट चाललाय का.’

तसं बोलायला लागले त्यामागे पहिल्या वर्षातली एक रात्र होती. पावणेदोनला दोघी धावत आल्या. तिसरी त्यांच्या खोलीत जमिनीवर उताणी पडली होती. ‘झोपलीये, झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल,’ असं एकीचं म्हणणं. दुसरी तिला थंड पाण्याखाली धरायला निघाली होती. दोन्ही चूक. शेवटचा पेला संपला तरी पोटात आणि आतड्यात असलेली दारू रक्तात जातच राहते, म्हणजे झोपलेलं माणूस आणखी खोल बुडू शकतं. कॉफीने, गार पाण्याने, चालवून-फिरवून ती उतरत नाही. यकृत आपल्या वेगानेच काम करतं. आणि उताण्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. मरण बहुतेकदा तिथे दबा धरून असतं.

मी तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले. तिचा माझ्या बाजूचा हात शरीराशी काटकोनात पसरून कोपरात वाकवला. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याची मागची बाजू तिच्या माझ्याकडच्या गालाला लावून धरली. पलीकडचा गुडघा उभा केला, पाऊल जमिनीवर टेकलेलंच. मग तोच गुडघा माझ्याकडे ओढला. एवढ्यानं अख्खं शरीर कुशीवर वळतं, ताकद लागत नाही. माझ्याहून ती चांगली धिप्पाड होती. मान हलकेच मागे, तोंड जरासं खालच्या दिशेला. पाठीशी पुस्तकांची सॅक लावली, म्हणजे ती पुन्हा उताणी होणार नाही. मग घड्याळ समोर धरून एक मिनिट तिचे श्वास मोजले. सात. मधेच एकदा इतका वेळ काहीच झालं नाही, की माझाच श्वास अडकला.

मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांमधे दहा सेकंदांहून जास्त खंड, हाका मारून, चिमटा काढूनही जाग न येणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, अंग गार पडणं, झटके येणं. यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णवाहिका. सगळी लक्षणं जुळायची वाट बघायची नाही. आणि श्वास थांबलाच असं वाटलं तर फोनवरच्या माणसाला तसं स्पष्ट सांगा. छाती कशी दाबायची हे ते सांगत जातात. आमच्या त्या दोघी मात्र रेक्टरच्या भीतीने दहा मिनिटं फोन हातात धरून बसल्या होत्या. फोन मी केला. ती वाचली, पुढच्या आठवड्यात वर्गातही दिसली. होस्टेलकडून तिला ताकीद मिळाली, मलाही मिळाली. ती कशाबद्दल, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर तुमच्या गटात हे आधीच ठरवून ठेवा: आज कोण पिणार नाही, आणि फोन करायची वेळ आली तर कोण करणार. आपला पेला सोडून गेलात तर परत येऊन तो पिऊ नका. आणि एक-दोन पेल्यांतच कुणी भलतंच गुंगलं तर ‘हिला चढते लवकर’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

झोपेबद्दल थोडक्यात, कारण ऐकणार कुणी नाही. तुमच्या वयाला सात ते नऊ तास लागतात. १९९७ साली ‘नेचर’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता. सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसांचं हाता-डोळ्यांचं काम जितकं बिघडलं, तितकं रक्तात ०.०५ टक्के दारू असताना बिघडतं. सकाळी सातला उठलेल्या माणसाची ही अवस्था मध्यरात्री बाराला होते. त्यानंतर दुचाकी काढायची की नाही, हे तुम्हीच ठरवा. कॉफीतलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनंतरही अंगात असतं, म्हणून शेवटचा कप दुपारीच. झोपायची वेळ पाळता येत नसेल तर निदान उठायची पाळा. मला एवढंच जमलं, आणि त्यानेही बराच फरक पडला.

घरची आठवण येते म्हणून लाजणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगायचे. १६८८ साली बासेलमध्ये योहानेस होफर नावाच्या विशीसुद्धा न गाठलेल्या विद्यार्थ्याने याच दुखण्यावर प्रबंध लिहिला. घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, आणि तो चक्क आजाराचं नाव म्हणून. त्याने नोंदवलेला एक रोगी बर्नहून बासेलला शिकायला आलेला मुलगाच होता. इतका खंगला की जगेल असं कुणाला वाटेना. घराकडे न्यायला निघाले तर वाटेतच सुधारू लागला. म्हणजे हे दुखणं तुमच्या होस्टेलच्या इमारतीपेक्षा बरंच जुनं आहे. पहिल्या सहा आठवड्यांत दर शनिवारी घरी पळू नका, एवढंच माझं मत. घरच्यांशी बोलायची वेळ ठरवून घ्या, आणि आठवड्यातून एक गोष्ट अशी करा जिथे तुम्ही आला नाहीत तर कुणीतरी विचारेल. क्लब, खेळ, वाचनालयातलं काम, काहीही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ अंथरुणातून उठवत नसेल, खाणं-झोप पार बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ती नुसती आठवण नाही. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा.

आणि कुणी तुमच्यापाशी ‘मी नसलेलीच बरी’ असं काही बोललं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतायत का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज इतका बारीक झाला की तिने ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, जवळ घातक काही असेल तर ते तिथून हलवा, आणि ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणू नका. मी म्हटलं होतं, ‘सांगणार आहे, पण कुणाला ते तू ठरव.’ तिने मोठ्या बहिणीचं नाव घेतलं. पहाटे बहीण आली आणि दोघी मिळून डॉक्टरकडे गेल्या. तुमच्याच डोक्यात असे विचार येत असतील तर कागदावरचा पाचवा क्रमांक त्यासाठीच आहे. वाक्य जुळवत बसू नका, ‘ये’ एवढं पुरतं.

जे घडू नये ते घडलं, कुणी जबरदस्ती केली, तर त्यात चूक करणाऱ्याची. तुम्ही कुठे होता, काय प्यायला होता, कुणाबरोबर गेला होता याने ती तुमची होत नाही. मुलांच्या बाबतीतही हे घडतं आणि त्यांनाही हेच लागू. काही गोष्टींना मात्र वेळेचं बंधन असतं, ती माहिती आधीपासून असावी. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळायच्या गोळ्यांचंही तसंच, त्यांतल्या काही पाच दिवसांपर्यंत चालतात. शक्य असेल तर तपासणी होईपर्यंत अंघोळ करू नका. अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या नको, कागदी पिशवीत ठेवा. अंघोळ झाली असेल तरी हॉस्पिटलला जाच. तक्रार करायची की नाही हे ठरलं नाही म्हणून उपचार थांबवायचे नाहीत.

खासगी फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणं वाढतं. संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा आणि पोलिसांच्या सायबर विभागाला कळवा. ‘स्टॉपएनसीआयआय’ नावाची एक मोफत सेवाही आहे. ती तुमच्याच फोनवर फोटोचा डिजिटल ठसा बनवते, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि त्या ठशावरून सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून अडवतात.

पैशांचं एकच सांगते. ‘तुझ्या खात्यात रक्कम येईल, थोडी ठेवून बाकीची पुढे पाठव’ असं सांगणारा कितीही ओळखीचा असो, नाही म्हणा. चोरीचा पैसा असाच फिरवतात, आणि पोलीस बँक खात्यावरचं नाव वाचून येतात. ते नाव तुमचं असतं. खोली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय अनामत देऊ नका. राहायला गेल्या दिवशी भिंती, नळ, गाद्या यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवा, म्हणजे सोडताना वाद नाही.

आणि अभ्यास मागे पडला असेल तर सरांना किंवा मॅडमना मुदत संपायच्या आधी मेल करा. तीन वाक्यं पुरतात: काय राहिलंय, का राहिलंय, कधी देऊ शकाल. पानभर कहाणी नको. मुदतीआधीची दोन ओळींची विनंती मान्य झालेली मी अनेकदा पाहिली, मुदतीनंतरचं पानभर क्वचितच. मेल रात्री लिहिलात तरी हरकत नाही. मसुद्यात ठेवा, सकाळी दात घासून झाल्यावर एकदा वाचा, ‘अत्यंत’ आणि ‘मनापासून’ हे शब्द काढून टाका, मग पाठवा.