गाण्याच्या घरातून मालिकेच्या सेटवर: नव्याने येणाऱ्या मुलींसाठी

आमच्या सांगलीच्या घरात पहाटे साडेपाचला तंबोरा लागत असे. आई गाण्याचे वर्ग घेत असे, बाबा पेटीची साथ करीत असत आणि आजीने उमेदीच्या काळात संगीत नाटकांतून कामे केली होती. त्यामुळे मला पहिली मालिका मिळाली तेव्हा ‘हिला सगळे घरातूनच मिळाले आहे’ असे अनेकांनी म्हटले. विशारदची परीक्षा देऊन मुंबईला येणाऱ्या आणि गाणे व अभिनय ही दोन्ही कामे करू इच्छिणाऱ्या मुली मला भेटतात, तेव्हा घरातून नेमके काय मिळते, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या अनुभवाप्रमाणे घरातून मिळतो तो कान. बाकीचे सारे सेटवर शिकावे लागते, आणि गाण्यामुळे जडलेल्या काही सवयी तर तिथे मोडाव्या लागतात.

माझी अशी एक सवय पहिल्याच आठवड्यात उघड झाली. घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर साधे घरगुती दृश्य होते आणि मला ‘आई, मी आज उशिरा येणार आहे’ एवढेच म्हणायचे होते. तीन टेक झाल्यावर ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढला आणि तो अगदी आपुलकीने म्हणाला, ‘ताई, तुमचं वाक्य संपत नाही, ते लांबतं.’ त्या रात्री मी बाबांना फोन करून ते वाक्य म्हणून दाखवले. त्यांनी पेटीवर माझी पट्टी, काळी चार, धरली आणि सांगितले, ‘तू गंधारावर सुरुवात करतेस आणि पंचमावर जाऊन थांबतेस. बोलणारा माणूस षड्जाच्या, म्हणजे आधाराच्या ‘सा’च्या आसपास राहतो आणि वाक्य संपताना खाली उतरतो.’ मग त्यांनी मला तेच वाक्य षड्जाच्याही खालच्या मंद्र निषादावर सोडायला लावले. शेवटच्या ‘आहे’वर आवाजाला ठहराव द्यायचा नाही, तो शब्द पडू द्यायचा, हे कळायला मला तो एक फोन पुरला, पण अंगी बाणायला सहा महिने लागले. गाणाऱ्या मुलीने आपले संवाद फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावेत आणि वाक्याचा शेवट कुठे जातो तेवढेच तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्या कानामुळे ही अडचण झाली, तोच पुढे उपयोगी पडला. मालिकेत एक दृश्य आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळी पात्रे एकत्र दिसतील असे, आणि मग प्रत्येकाच्या क्लोजमध्ये, म्हणजे चेहरा जवळून दिसेल असे तुकड्यातुकड्याने चित्रित होते आणि मधे प्रकाशयोजना बदलण्यात अर्धा तास सहज जातो. मास्टरमध्ये ज्या पट्टीत आणि ज्या लयीत बोललो, त्याच पट्टीत आणि लयीत अर्ध्या तासाने बोलता आले नाही, तर संकलनाच्या वेळी दोन तुकडे जुळत नाहीत. गाणाऱ्या मुलीला आपण कुठल्या स्वरावर आणि लयीत होतो हे आठवते, कारण षड्जावर आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, परत येण्याचे शिक्षण तिला लहानपणापासून मिळालेले असते. पाठांतराचेही तसेच आहे. दृश्याची पाने बहुतेक वेळा त्याच दिवशी हातात येतात. बंदिशीचे बोल ऐकून उचलण्याची सवय असलेली मुलगी ती इतरांपेक्षा लवकर पाठ करते.

मात्र गळा एकच असतो आणि त्यावर दोन मालक हक्क सांगतात, ही या दुहेरी कामातली खरी अडचण आहे. बारा तासांची शिफ्ट, वातानुकूलित सेट, केसांवर मारलेला स्प्रे, जनरेटरची घरघर आणि तिच्यावर आवाज चढवून मारलेल्या गप्पा यांनी गळा थकतोच. पण सर्वांत जास्त नुकसान रडण्याच्या दृश्यांनी होते. एकदा मी मृत्यूच्या प्रसंगात मास्टरपासून अखेरच्या क्लोजपर्यंत पाच वेळा मनापासून आक्रोश केला आणि दुसऱ्या दिवशी एका मालिकेच्या शीर्षकगीतासाठी स्टुडिओत उभी राहिले, तेव्हा तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, लागेना. संगीतकारांनी मोठ्या मनाने ध्वनिमुद्रण पुढे ढकलले. तेव्हापासून मास्टरमध्ये मी देहबोली पूर्ण देते, पण आवाज राखून ठेवते. क्लोजमध्ये हुंदका पोटातून घेते, गळ्यातून ओढत नाही. आणि अशा प्रसंगानंतर निदान दोन दिवस ध्वनिमुद्रण घेत नाही. निर्मिती व्यवस्थापकाला आठवड्याचे वेळापत्रक आधी विचारून ठेवले, तर हे साधते. सकाळचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, मात्र कॉल टाइम सातचा असला तरी चुकवू नये. वीस मिनिटे पुरतात.

करारनाम्याविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण याविषयी मला कोणीही सांगितले नव्हते. मालिकेच्या करारात बहुधा असे कलम असते की, मालिका चालू असेपर्यंत कलाकाराने अन्य वाहिनीवर किंवा कार्यक्रमात परवानगीशिवाय दिसू नये. मी ते न वाचता सही केली, आणि त्या वर्षी आईबरोबरच्या दिवाळी पहाटेला मला गाता आले नाही, कारण प्रायोजकांत दुसरी एक वाहिनी होती. आई एकटी गायली. आता सही करण्यापूर्वी ‘गायनाचे जाहीर कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे यांना हे बंधन लागू नाही’ असे वाक्य मी लेखी घालून घेते, आणि योग्य वेळी मागितले तर ते मिळते. मालिकेचे मानधन साधारणपणे ९० दिवसांनी आणि १० टक्के टीडीएस कापून हातात येते, म्हणून मुंबईत येताना निदान चार महिन्यांचे घरभाडे गाठीशी असावे. गायिका म्हणून तुमचे हक्क वेगळे आहेत. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर गायकांच्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क बळकट झाला आणि ते गोळा करण्यासाठी २०१३ मध्ये इस्रा (आता इसाम्रा) ही गायकांची संस्था उभी राहिली. शीर्षकगीत गायलात, तर तिचे सभासदत्व घेण्याचा विचार जरूर करावा.

घराण्याच्या नावाचा उल्लेख मला कोणी विचारल्याशिवाय करावासा वाटत नाही, कारण ओळख शेवटी कामाने होते. गायिका माणिक वर्मांच्या कन्या भारती आचरेकर यांना प्रेक्षकांनी ओळखले ते १९८८ च्या ‘वागळे की दुनिया’मधील राधिका वागळे म्हणून. पुढे २०१३ च्या ‘द लंचबॉक्स’मध्ये त्यांची देशपांडे आंटी पडद्यावर एकदाही दिसत नाही, केवळ ऐकू येते, आणि तरी त्या बाईचे सारे आयुष्य आपल्याला कळते. गाण्याच्या घरातला कान अभिनयात कसा उतरावा, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. गायिका मालती पांडे-बर्वे यांची नात प्रियांका बर्वे यांनी २०१६ मध्ये आलेल्या ‘मुघल-ए-आझम’ या संगीत नाटकात अनारकली साकारली, ती रंगमंचावर स्वतः गाऊन. नाचत आणि संवाद बोलत असताना श्वास कसा पुरवावा, हे मालिकेत शिकायला मिळत नाही. म्हणून संधी मिळेल तेव्हा नाटक करावे, पैसे कमी मिळाले तरी करावे.

शेवटी ऑडिशनविषयी. नाव, वय, उंची सांगून चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवल्या की, ‘गाता ना? मग काहीतरी गा’ असे हमखास सांगितले जाते. तिथे ताना घेऊ नयेत. ज्या भूमिकेसाठी गेला आहात, ती मुलगी स्वयंपाकघरात जशी गुणगुणेल तशा दोन ओळी, आपल्याच पट्टीत म्हणाव्यात. घाबरल्यावर पट्टी चढते, म्हणून आत जाण्यापूर्वी फोनवरचा तंबोरा अर्धा मिनिट कानाशी धरून षड्ज मनात पक्का करून घ्यावा; मी आजही जिन्यात उभी राहून तेच करते.