घरापुढची मोकळी जागा फेंगशुईच्या नजरेने कशी जोखावी

फेंगशुई म्हटलं की आपल्याला दुकानातला हसरा बुद्ध आठवतो. चीनमधले जुने जाणकार मात्र आधी घरापुढची मोकळी जागा पाहायचे. तिचं नाव ‘मिंगतांग’, म्हणजे उजळ दालन. घराण्याची बरकत तिथे गोळा होते, अशी श्रद्धा. तुमचा विश्वास असो वा नसो, ही नजर शिकण्यासारखी आहे.

१. घराकडे पाठ करून दारात उभे राहा. समोर सपाट, उजेडाचं अंगण हवं. आपल्याकडे दक्षिणेचं दार म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. तिकडे तेच उत्तम मानतात, कारण उत्तरेचे गार वारे पाठीवर राहतात आणि ऊन समोरून येतं.

२. आता कडा पाहा. नवखा माणूस इथेच चुकतो. जागा नुसती मोकळी असून भागत नाही. ‘छी’ ही प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, असं दफनाविषयीच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय. (पूर्वजांना चांगली जागा मिळाली तर वंशजांचं भलं होतं, ही समजूत यामागे आहे.) म्हणून मागे कासवासारखा डोंगर, डाव्या हाताला हिरवा ड्रॅगन, उजव्या हाताला पांढरा वाघ, म्हणजे दोन्ही बाजूंना टेकड्या किंवा इमारती. हात असलेल्या खुर्चीत बसल्यासारखं घर हवं. चहूकडून उघड्या माळावर छी टिकत नाही.

३. पाणी कुठे थांबतं ते बघा. आन्हुई प्रांतातलं होंगछुन हे वांग घराण्याचं गाव २००० साली जागतिक वारसा यादीत आलं. तिथल्या कुलमंदिरापुढे तळं आहे, अर्धचंद्राचं. पूर्ण का नाही? तर पुनवेचा चंद्र दुसऱ्या दिवसापासून झिजतो, अर्ध्याला वाढायला जागा असते. मला या सगळ्या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

४. घराच्या पोटातलं आभाळ मोजा. त्याच भागातल्या घरांत मधोमध छोटा चौक असतो, ‘थ्येनचिंग’, आभाळाची विहीर. चारही छपरं आत उतरती. पावसाच्या पागोळ्या बाहेर न जाता चौकातल्या दगडी फरशीवर पडतात. पाणी म्हणजे धन, ते घराबाहेर वाहून जाऊ नये, हा हेतू. आपल्या वाड्यांचे चौक पाहिलेल्यांना हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. आपण चौकात तुळस लावतो. तिकडे बंदिस्त चौकाच्या मधोमध एकच झाड लावणं टाळतात, कारण चौकटीत झाड काढलं की ‘अडचण’ या अर्थाचं चिनी अक्षर होतं. झाड एका बाजूला चालतं.

५. फ्लॅट असेल तर दाराच्या आतली चार पावलं हेच तुमचं मिंगतांग. दार पूर्ण उघडतं का, ते आधी बघा. नसेल उघडत, तर मागची चपलांची रास, छत्र्या, रद्दीचे गठ्ठे काढा. मग दिवा लावून पुन्हा उंबरठ्यावर उभे राहा आणि या वेळी तोंड घराकडे करा.